माग, दादा आणि नाशिकचा डिप्लोमा: सोळा वर्षांच्या बहिणीला उत्तर

प्रश्न, थोडक्यात: "मी सोळा वर्षांची, अकरावीत. येवल्यात आमच्या घरी चार पिढ्यांपासून पैठणीचा माग आहे. आई, बाबा, काका तिघंही मागावर असतात. दादा १९ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चारही हातपाय ताठ असतात. त्याला सगळं समजतं, पण त्याचं बोलणं फक्त मलाच कळतं. त्याला उचलणं, भरवणं, अंघोळ घालणं बहुतेक मीच करते. बारावीनंतर मला नाशिकला टेक्स्टाइल डिझाइनचा डिप्लोमा करायचाय. आजी म्हणते, 'हा माग आणि हे पोर, दोन्ही तुझ्या पदरात टाकून मी डोळे मिटणार.' परवा मी दादावर खूप ओरडले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. तेव्हापासून मला झोप नाही. मी गेले तर त्याचं कसं होणार? मी स्वार्थी आहे का?"

बाळा,

तू स्वार्थी नाहीस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबलचक आहे आणि तू ते बहुधा सगळे झोपल्यावर, अर्धवट डोळ्यांनी वाचणार आहेस.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. गेली २७ वर्षं सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहणाऱ्या, मुलामुलींच्या घरी जाते. त्यांना नीट बसता यावं, सुखाने जेवता यावं, आपलं म्हणणं सांगता यावं, यासाठी घरात काय बदलता येईल ते बघते. तुला काही सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी घरात शिरले की माझी नजर आधी बहिणीला शोधायची. आई कामात, वडील बाहेर, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. चटपटीत, समजूतदार, भावाला काय हवंय ते त्याच्या आधी ओळखणारी. मी तिलाच जवळ बोलवायचे, व्यायाम शिकवायचे, "रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास" असं बजावून फाईलमध्ये 'बहीण करून घेते' असं लिहायचे आणि समाधानाने पुढच्या घरी जायचे. तुझी शाळा किती वाजता भरते, हे मी त्यातल्या एकीलाही विचारलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्यातलीच एक भेटली. म्हणाली, "ताई, तुमच्या त्या सकाळच्या अर्ध्या तासापायी माझा गणिताचा तास रोज बुडायचा. मी दहावीत गणितातच गेले." त्या दिवसापासून मी फाईलमध्ये आधी घरातल्या मोठ्या माणसांची नावं लिहिते, आणि प्रत्येकापुढे त्याला कोणतं काम जमेल ते.

तुमच्या घरात काय झालं असावं याचा मला अंदाज आहे. मजुरी विणलेल्या कामाची मिळते. आई मागावरून उठली की फणी थांबते, फणी थांबली की साडी लांबते. एका पैठणीला महिना-दोन महिने सहज जातात, पदर भरगच्च असला तर त्याहून जास्त, तेव्हा एकेक तास मोजूनच घर चालवावं लागतं. तुझ्या तासाला मजुरी नाही, म्हणून तो मोजला जात नाही. दादाने आवाज दिला की तीन मोठी माणसं मागावर बसलेली असतात आणि हाक तुझ्या नावाची येते. यात कुणी वाईट नाही. एका दिवसापुरती म्हणून लागलेली सवय अशी अंगवळणी पडते की पाच-सहा वर्षांनी तिलाच 'घरची रीत' म्हणतात.

आजीवर रागावू नकोस. आपल्यामागे या नातवाला कोण बघणार, या भीतीने ती रात्र रात्र जागी असणार. पण तिच्या वाक्यात एक गफलत आहे, ती तुला लख्ख दिसायला हवी. तिने माग आणि दादा एका ओळीत ठेवले, दोन्ही पुढच्या पिढीच्या हवाली करायचे. दादा तर त्या घरातला थोरला मुलगा आहे. घरातल्या विद्येवर, मागावर, त्या नावावर त्याचाही तुझ्याइतकाच हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं कलम १३ स्पष्ट सांगतं की दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार करण्याचा हक्क आहे. आणि तुझ्या एवढ्या लांब पत्रात 'दादाला काय वाटतं' हे एकदाही आलेलं नाही. तुझा दोष नाही तो. घरात कुणी त्याला विचारतच नसणार, कारण त्याचं बोलणं फक्त तुला कळतं.

म्हणून मी सुरुवात तिथून करणार. उचलण्या-भरवण्याचं नंतर.

"त्याचं फक्त मलाच कळतं" हे मी फार बहिणींच्या तोंडून ऐकलंय. सांगताना त्यांचा चेहरा उजळतो, आणि उजळावाच, कारण ते वर्षानुवर्षं कान देऊन कमावलेलं असतं. पण त्याची भाषा एकट्या तुझ्या कानात आहे तोवर तुला घराबाहेर पडता येणार नाही. आणि त्याचं काय? तू कॉलेजात असतेस तेव्हा तो पाच-सहा तास मुकाच असतो. तहान लागली, पाय अवघडला, पंख्याचा वारा तोंडावर येतोय, काहीही. तू नाशिकला जाण्याच्या आधीच्या दीड वर्षात एकच गोष्ट झाली, दादाचं म्हणणं आणखी चार माणसांना कळायला लागलं, तरी तुमच्या दोघांच्या आयुष्यात फार मोठा फरक पडेल.

पहिलं, त्याचं 'हो' आणि 'नाही' पक्कं कर. डोळे वर म्हणजे हो, डोळे बाजूला म्हणजे नाही, किंवा त्याला जे सहज जमतं ते. पण एकच, आणि घरातल्या सगळ्यांशी तेच. मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीला लाव. आलेल्या-गेलेल्यालाही दिसू दे.

दुसरं, एक वही घे आणि त्याचा कोश लिही. तो कोणता आवाज काढतो, तेव्हा हात-मान कशी असते, त्याचा अर्थ काय, अशा तीन रकान्यांत. तुला वाटेल पंधरा-वीस गोष्टी होतील. लिहायला लागलीस की चाळीस-पन्नास निघतील. आईने त्यातल्या रोज दोन शिकायच्या. शिकवणार कोण? दादा. आई विचारेल, तो हो-नाही सांगेल, तू खोलीत नसशील. हे शेवटचं महत्त्वाचं. तू समोर असलीस की आई तुझ्या तोंडाकडे बघणार.

तिसरा, अक्षरांचा तक्ता. त्याला वाचता येतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. घरात कुणी मुद्दाम शिकवलं नसलं तरी तुझा अभ्यास बघत बघत अशी मुलं बरंच शिकलेली असतात, तेव्हा येत नाही असं धरून चालू नकोस. आपली वर्णमाला या कामासाठी जणू मुद्दाम रचल्यासारखी आहे. समोरच्याने विचारायचं: क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची? 'हो' आलं की त्या ओळीतलं एकेक अक्षर. सुरुवातीला एका शब्दाला पाच मिनिटं लागतील आणि सगळ्यांचा धीर सुटेल. महिन्याभराने पहिल्या दोन अक्षरांवरूनच शब्द ओळखू यायला लागतो. वाचता येत नसेल तर चित्रं आणि घरातल्या माणसांचे, वस्तूंचे फोटो लावून तक्ता करता येतो. फोनवर आयआयटी मुंबईने बनवलेलं 'जेलो' नावाचं चित्रांचं ॲप फुकट आहे, त्यात मराठी आहे. स्पीच थेरपिस्टला एकदा तरी दाखवा. कोणता तक्ता, किती चित्रं, डोळ्यांनी की हाताने, हे तेच नीट ठरवतील.

एका विणकराच्याच घरातली गोष्ट सांगते. तुमच्यासारखंच, जमिनीतला खड्ड्याचा माग, शेजारी भिंतीला लागून मुलाची खुर्ची. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. घरच्यांची तक्रार अशी की बसल्या बसल्या मधेच याचं अंग ताठ होतं, पाय फेकले जातात, तोंडातून आवाज येतो. झटके असतील तर औषध वाढवायचं का? मी अर्धा दिवस तिथे बसून राहिले. वडील काठाची नक्षी विणत होते. दुपारी एकदा तसंच झालं. मुलाची नजर कुठे आहे ते मी बघितलं. काठावर. वडिलांना थांबवून म्हटलं, एकदा मोजून बघा. त्यांनी वाकून तारा मोजल्या. चार ओळी मागे एक तार चुकली होती. पुढच्या तासाभरात त्यांनी मुद्दाम दोनदा चूक केली, दोन्ही वेळा तो ताठ झाला. सेरेब्रल पाल्सीत मन उचंबळलं की स्नायू आणखी आवळतात, राग असो, आनंद असो की घाई. ते पोर कित्येक वर्षं "बाबा, चुकलं" असं ओरडत होतं आणि घर त्याला झोपेचं औषध द्यायच्या विचारात होतं. आम्ही त्याच्या हाताखाली एक मोठं बटण लावलं, कोपराने दाबलं की घंटी वाजेल असं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा वडील अभिमानाने सांगत होते, "ह्याच्या घंटीशिवाय मी काठ पुढे नेत नाही."

तुझा दादा तसाच असेल असं मी म्हणत नाही. (आणि खरे झटकेही असू शकतात. नजर हरवत असेल, हाक मारूनही शुद्ध नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं.) पण १९ वर्षं मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला त्या कामातलं काही कळत नसेल, हे मला खरं वाटत नाही. त्याच्यासाठी काम शोधा. कांड्या (विणायचा धागा गुंडाळलेल्या नळ्या) भरायच्या रहाटाला छोटी मोटर आणि तसंच मोठं बटण लावता येतं. धागा कुणीतरी लावून द्यायचा, चालू-बंद त्याने करायचं. कोणत्या पदराला कोणता रंग, मोर की मुनिया, हे डोळ्यांनी निवडता येतं. कांडीचे चार पैसे त्याच्या खात्यात जमा करा. आजीला हे जसं पटेल तसं माझं लांबलचक भाषण पटणार नाही. फक्त खुर्चीचे ब्रेक बघून घ्या आणि मागाच्या खड्ड्याच्या बाजूला लाकडी अडसर लावा.

आता शरीराचं. यात मी जरा कडक बोलणार आहे.

१९ वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलीने एकटीने उचलायचं नाही. एकदाही नाही. तुझी पाठ आत्ताच कुरकुरत असेल. लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. ताठ अंगाचा माणूस उचलताना मधेच आवळतो, तोल जातो आणि दोघंही पडता. दोघांनी मिळून उचलायचं. एक मागून काखेतून हात घालून, दुसरा गुडघ्यांखालून, आणि "एक, दोन, तीन" आधी दादाला ऐकू जाईल असं म्हणायचं, म्हणजे तो दचकत नाही. खाटेची उंची खुर्चीइतकी केली तर उचलायचं प्रमाण बरंच कमी होतं. खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले तरी पुरतं. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याला धरून सरकवता येतं. जवळच्या जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रातला फिजिओथेरपिस्ट हे तासाभरात हाताला धरून शिकवेल. मात्र शिकायला बाबांनी आणि काकांनी जायचं.

अंघोळ आणि शौचाचं काम बाबांकडे आणि काकांकडे जायला हवं. तो तरुण मुलगा आहे, तू वयात आलेली मुलगी आहेस. आजवर कुणी हा विषय काढला नसेल, कारण 'भाऊच तर आहे' असं म्हणून तो संपवला जातो. पण दादालाही लाज आहे. त्याला 'नको' म्हणता आलं असतं तर त्याने कधीच म्हटलं असतं. तू हे बोलताना अडखळशील. सरळ हा परिच्छेद आईला वाचायला दे.

भरवणं तुला आवडत असेल तर एक वेळचं तुझ्याकडे ठेव, तुमच्या गप्पांची ती वेळ असते. पण पद्धत सगळ्यांची एक हवी. पाठ सरळ, मान मागे पडलेली नाही, हनुवटी किंचित खाली. लहान घास. गिळल्याशिवाय पुढचा नाही. भरवणाऱ्याने त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि घास श्वासाच्या वाटेला जायची भीती असते. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. जेवताना वारंवार खोकला, जेवणानंतर आवाज घोगरा, छातीत पुन्हा पुन्हा कफ, असं होत असेल तर डॉक्टरांना हे तीन मुद्दे याच शब्दांत सांगा. झोपलेला असताना दर दोन तासांनी कूस बदलणं हे रात्रीचं काम. मोठ्या माणसांनी वाटून घ्यायचं. परीक्षेच्या महिन्यात ते तुझ्याकडे अजिबात नको.

हे सगळं घरात मांडायचं कसं? भांडून नाही आणि रडूनही नाही. एक आठवडा वहीत फक्त लिहीत जा. पहाटे साडेपाच: दादाला कूस दिली. सहा: अंघोळ. पावणेसात: चहा-नाश्ता भरवला. घड्याळ लावून, काहीही न वाढवता. आठवड्याची बेरीज कर. मागावरच्या माणसांना मोजमाप कळतं; "मला फार काम पडतं" यापेक्षा "आठवड्याचे सत्तावीस तास" हे त्यांना लगेच दिसेल. (तुझा आकडा कमी-जास्त असेल, तो येईल तोच खरा.) मग एक मोठं माणूस सोबत घे. मामा, आत्या, कॉलेजातल्या बाई, ज्यांच्यासमोर बाबा शांतपणे ऐकतात असं कुणीही. आणि दादा त्या खोलीत, तुमच्या वर्तुळात असायला हवा. शब्द सुचणार नाहीत म्हणून देऊन ठेवते: "बाबा, मला दादाला टाकून जायचं नाही. मी त्याची बहीणच राहणार आहे. पण त्याचं सगळं माझ्या एकटीवर राहिलं आणि उद्या मी आजारी पडले, तर त्या दिवशी त्याला पाणी कोण देईल? मी इथे असतानाच सगळ्यांनी शिकून घ्या." यात काही मनचं लावलेलं नाही, अगदी खरी अडचण आहे ही. बहुतेक वडील या प्रश्नाशी थांबतात.

पहिल्या बैठकीत सगळं मिळणार नाही. दोन कामं सुटली तरी खूप झालं. माझं मत विचारशील तर अंघोळ आणि पहाटेचा तास हे दोन आधी मागून घे.

कागदपत्रांचं काम तुझं नाही, आई-बाबांचं आहे. तरी लिहिते, कारण घरात फोनवर वाचणारी बहुधा तूच आहेस. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते; त्याच्याशिवाय पुढचं फारसं काही हलत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीसाठी आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा, उत्पन्नाची अट तिथे विचारून घ्या. नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. खुर्चीसाठी, खाटेसाठी तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याची चाकाची खुर्ची साधी, दवाखान्यातल्यासारखी असेल तर ती त्याच्यासाठी नाही. मान आणि कंबर धरून ठेवणारी सीपी (सेरेब्रल पाल्सीसाठीची) खुर्ची वेगळी असते, कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी ती बनवते आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ती मिळते. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांना काळजीवाहक भत्ता देण्याचाही उल्लेख आहे. जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयात त्याबद्दल लेखी विचारा. विचारणारे वाढले तरच अशा तरतुदी कागदावरून खाली येतात.

आणि पालकत्व. दादा १८ पूर्ण झाला, म्हणजे कायद्याने सज्ञान आहे. त्याला सगळं समजतं असं तूच लिहितेस, म्हणजे त्याचे निर्णय त्याचे. बँक, जागा, मोठं ऑपरेशन अशा कामांना कुणाची मदत लागलीच तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. २०१६ च्या कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे, त्यात पालकाने आणि त्या व्यक्तीने परस्पर विश्वासाने, मिळून निर्णय घ्यायचा असतो. नेमलेल्या पालकाला मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, म्हणजे 'पदरात टाकलं' इतकं सोपं ते नाही. हे अर्ज आज आई-बाबांच्या नावाने व्हायचे आहेत. तू सोळा वर्षांची आहेस, कायद्याने तू आज कुणाचीही पालक होऊच शकत नाहीस. आजीला हे सांगताना हात हातात घेऊन सांग. पुढे कधी तू स्वतःहून, शिकून, कमावती होऊन म्हणालीस की मी पालक होते, तर ती तुझी निवड. काका-मामांच्या मुलांची नावंही त्या यादीत असू शकतात.

नाशिकला जा. येवल्याहून ते दोन-अडीच तासांवर आहे, सातासमुद्रापार नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार घरी येशील, रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करशील, आणि दादा तक्त्यावरून तुझ्याशी बोलेल. जाण्याआधी सराव कर: आधी एक दिवस आत्याकडे, मग दोन, मग मे महिन्यात आठवडाभर. तू नसताना काय अडलं ते आईने लिहून ठेवायचं आणि तू आल्यावर त्यावर उपाय शोधायचा. पहिल्या खेपेला दादा कदाचित जेवणार नाही, रडेल. तो आठवडा सगळ्यात अवघड. तिथून परत फिरू नकोस. डिझाइन शिकून तू मागाला जे देशील ते आज घरात बसून देता येणार नाही, हे बाबा उघड म्हणाले नाहीत तरी त्यांना कळतं. पण खरं सांगायचं तर मागाशी काहीही संबंध नसलेलं शिक्षण तुला हवं असतं, तरी मी हेच सांगितलं असतं.

आता परवाचं.

तू ओरडलीस. वर्षानुवर्षं पुरी झोप न मिळालेलं माणूस ओरडतं. राग आला म्हणून प्रेम कमी झालं असं होत नाही. पण तो राग रोजचा झाला असेल, 'मी नसते तर बरं' असे विचार येत असतील, किंवा त्याला जोरात ओढलं-ढकललं जाईल अशी भीती वाटत असेल, तर थांबू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं. तू अठराच्या आत आहेस, तुझ्यासाठी चाइल्डलाइन १०९८ पण आहे. घरची बदनामी होईल असं वाटेल. तसं काही होत नाही, समोरचं माणूस फक्त ऐकून घेतं आणि पुढे काय करायचं ते सांगतं.

त्याने डोळे मिटले, त्याचं मन दुखावलं म्हणूनच मिटले असं धरून तू तेव्हापासून जागी आहेस. सेरेब्रल पाल्सी असलेल्या खूप जणांना अचानक मोठा आवाज आला की जोरात दचकायला होतं. अंग आवळतं, डोळे आपोआप घट्ट मिटतात. ते तेवढंच असेल. किंवा तो खरंच दुखावला असेल. किंवा तुझ्यामुळे नाही, स्वतःमुळेच, तुला त्रास होतो म्हणून त्याला वाईट वाटलं असेल. हे मी त्याच्या वयाच्या मुलांकडून तक्त्यावर अक्षर अक्षर लावून ऐकलेलं आहे. तुला माहीत नाही, मलाही नाही. त्याला माहीत आहे.

माग बंद असेल अशा दुपारी त्याच्यासमोर बस, खाली, डोळ्यांच्या पातळीवर. माफी माग, एकदाच, थोडक्यात. मग विचार, "तेव्हा तू रागावला होतास का?" आणि थांब. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल. त्याच्या वतीने तू बोलून टाकू नकोस.